५ इंची स्वस्त मादी की पाऊण इंचाचं महाग पिल्लू?

प्रश्न थोडक्यात असा: जळगावात एक जण ‘इंडियन ऑर्नामेंटल’ टॅरँटुलाची (मोठ्या केसाळ कोळ्याची) ५ इंची मादी देतोय, ‘घरीच वाढवलेली आहे’ म्हणतो. दुसरीकडे पुण्याचा एक पैदास करणारा ‘मेक्सिकन रेड नी’ या दुसऱ्या टॅरँटुलाचं पाऊण इंचाचं पिल्लू देतोय आणि त्याची किंमत त्या मादीपेक्षा जास्त आहे. जंगलातून धरलेला कोळी आणि घरच्या पैदाशीचा कोळी ओळखायचा कसा, आणि घेणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?

आधी सरळ उत्तर. ती मादी घेऊ नका. पिल्लू घ्यायचं तर कागद पाहून घ्या. आता कारणं.

या व्यवहारात सगळ्यात कामाचं हत्यार म्हणजे वयाचा हिशेब. प्रजाती कोणती, ती किती हळू वाढते, आत्ता आकार किती आणि किंमत किती, या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. माप नेहमी पायांसकट, कर्णरेषेत घेतात: डाव्या पुढच्या पायाच्या टोकापासून उजव्या मागच्या पायाच्या टोकापर्यंत. इंडियन ऑर्नामेंटल, म्हणजे पोएसिलोथेरिया रीगालिस, भराभर वाढते. तरी पिल्लापासून ५ इंची मादी व्हायला साधारण दोन ते तीन वर्षं जातात. अडीच वर्षं धरली आणि आठवड्याला एक खाणं धरलं, तरी १३० वेळा रातकिडा टाकायचा, तितक्या वेळा पाणी बघायचं आणि वर आपल्याकडचे दोन-तीन उन्हाळे काढायचे. एवढं करून कुणी ती पाऊण इंचाच्या पिल्लाहून स्वस्त विकेल का? रेड नी तर ५ इंचाला पोचायला सहा-सात वर्षं सहज घेतो. म्हणून रेड नीची मोठी मादी स्वस्तात दिसली की शंका आणखी वाढली पाहिजे. पकडणाऱ्याचा खर्च एका रात्रीचा, टॉर्चचा आणि पेट्रोलचा. वाढवणाऱ्याचा खर्च वर्षांचा. किंमत हेच सांगत असते.

विकणारा ‘माझ्याकडे लहानपणापासून आहे’ म्हणत असेल तर काती मागा. टॅरँटुला वाढताना कात टाकतो आणि कात जवळजवळ अख्खी, पायांसकट निघते. पाळणारे लोक ती सहसा टाकत नाहीत, डबीत ठेवतात. एक मोठी कात दाखवली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, जंगलातली मादीही डब्यात कात टाकते. पण एक इंच, दीड इंच, अडीच इंच, साडेतीन इंच अशी चढत्या मापाची माळ असेल तर तो त्या कोळ्याचा सातबारा समजा. कातीवरून लिंगही कळतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून पोटाचा भाग दहा मिनिटं भिजवायचा आणि अलगद उलगडायचा. आतल्या बाजूला पुस्तकी फुप्फुसांचे (पुस्तकाच्या पानांसारखे थर असलेल्या कोळ्याच्या फुप्फुसांचे) चार पांढरे ठिपके दिसतात. वरच्या दोघांच्या मध्ये शुक्रधानीची, म्हणजे नराचे शुक्राणू साठवायच्या पिशवीची, छोटी घडी असेल तर मादी. ‘मादी आहे’ हा शब्द महाग असतो, म्हणून तोही नुसता ऐकून घेऊ नये.

दुसरा प्रश्न विचारायचा तो कोशाचा. अंडीकोश कधी झाला, कधी उघडला, किती पिल्लं निघाली, नर कुणाकडून आणला होता? ज्याने खरंच पैदास केली आहे तो यावर अर्धा तास बोलेल, थांबवावं लागेल. पोएसिलोथेरियाच्या कोशात साधारण शंभराच्या आसपास पिल्लं असतात, रेड नीच्या कोशात कित्येक शे. त्यामुळे खऱ्या पैदाशीवाल्याकडे एकाच वयाची, छोटी, ढिगाने पिल्लं असतात आणि मोठे कोळी मोजकेच. उलट ज्याच्याकडे पिल्लू एकही नाही पण पावसाळा लागला की सहा-आठ मोठे कोळी येतात, तो पैदास करत नाही, गोळा करतो.

इथे एक मधला प्रकार आहे आणि बहुतेक फसवणूक त्यातूनच होते. अंड्यांवर आलेली मादी जंगलातून धरायची, डब्यात तिने कोश केला की पिल्लं ‘कॅप्टिव्ह ब्रेड’ (बंदिवासातली पैदास) म्हणून विकायची. पिल्लू खरंच डब्यात जन्मलेलं असतं, विकणारा अगदीच खोटं बोलत नाही. पण नर-मादीचं मीलन जंगलात झालं, आणि पुढच्या वर्षी त्याला परत नवी मादी धरावी लागते. सायटीस या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात हा फरक स्पष्ट केलेला आहे. परवान्यावर उगमाचं एक अक्षर असतं: डब्ल्यू म्हणजे जंगलातला, आर म्हणजे जंगलातून अंडी किंवा पिल्लं आणून वाढवलेला, एफ म्हणजे बंदिवासात जन्मलेला पण पैदाशीच्या पूर्ण व्याख्येत न बसणारा, आणि सी म्हणजे खरी पैदास. सी मिळायला आई-बापांचं मीलन बंदिवासात झालेलं लागतं, मूळ जोड्या कायदेशीर मार्गाने आलेल्या लागतात, आणि तो साठा दुसऱ्या पिढीपर्यंत नेण्याची क्षमता दाखवावी लागते. परदेशातून आलेल्या प्राण्याचा कागद दाखवला तर आधी हे अक्षर शोधा.

त्यातली ‘मूळ जोड्या कायदेशीर’ ही अट भारतीय प्रजातींना फार जड जाते. निळ्या रंगामुळे गाजलेली पोएसिलोथेरिया मेटॅलिका आंध्र प्रदेशातली. १८९९ साली तिचं वर्णन गुत्तीच्या एका नमुन्यावरून झालं, नंतर शंभरेक वर्षं ती कुणाला दिसली नाही, २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा सापडली. आज आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त आहे, आणि युरोपात मात्र तिची पिल्लं दुकानातून मिळतात. भारतातून वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात बंद असताना त्या पिल्लांचे पणजोबा तिथे गेले कसे, याचं स्वच्छ उत्तर कुणी देत नाही. पिढ्या पालटल्या म्हणून पहिला कोळी धुतला जात नाही. त्यामुळे भारतात बसून पोएसिलोथेरिया विकत घेऊच नये, पैदाशीची असली तरी, असं माझं मत आहे.

कायद्याकडे येऊ. ब्राकीपेल्मा वंश, ज्यात रेड नी येतो, १९९५ पासून अख्खा सायटीसच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. पोएसिलोथेरिया वंश २०१९ मध्ये त्याच परिशिष्टात आला. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सायटीसच्या यादीसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्रजातीचा जिवंत प्राणी जवळ असेल तर त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश २.० या पोर्टलवर करावी लागते. नव्याने घेतला तर ३० दिवसांत. हस्तांतर, जन्म, मृत्यू हेही कळवायचं असतं. म्हणजे पुण्याचा पैदास करणारा खरा असेल तर त्याच्याकडे स्वतःची नोंद असणारच. ती मागायला लाजू नका. पिल्लू तुमच्या नावावर कसं होणार हे पैसे देण्याआधी ठरवा.

‘पार्सलने बाहेरून मागवतो’ हा तिसरा रस्ता सुचवणारेही भेटतील. जुलै २०२० मध्ये चेन्नईच्या कस्टम्सने पोलंडहून आलेलं एक टपाल पार्सल उघडलं, तर चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या कुप्यांत १०७ जिवंत कोळी निघाले. त्यात ब्राकीपेल्माही होते. आयातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो, सायटीसचे कागद लागतात. ते नव्हते, म्हणून पार्सल परत पोलंडला पाठवायचं ठरलं. ते कोळी बहुधा पैदाशीचेच असतील. कागदाशिवाय त्याचा काही उपयोग नाही.

आणि सातपुड्यातून धरून आणलेला असेल तर? यावल, अनेर डॅम ही अभयारण्यं आहेत, तिथून परवानगीशिवाय कुठलाही वन्य जीव बाहेर काढणं गुन्हाच, मग प्रजाती कोणत्या अनुसूचीत आहे हा वाद नंतरचा. शिवाय हा कोळी झाडाच्या ढोलीत, सुटलेल्या सालीमागे राहतो. मादी सहज बाहेर येत नाही, म्हणून पकडणारे साल उपटतात, ढोली फोडतात. जुन्या अंजनाला किंवा सागाला अशी ढोली व्हायला कित्येक वर्षं लागतात, आणि तिच्यात पाली, वटवाघळं, घुबडंही असतात. शंभर पिल्लांतली दोन मोठी झाली तरी संख्या टिकते. पण मोठी मादी गेली की पुढचे सगळे कोश गेले. पिल्लापेक्षा मादी उचलणं म्हणूनच जास्त महागात पडतं.

आता तब्येत. इथे जरा सावकाश वाचा, कारण घेणाऱ्याचं नुकसान प्रत्यक्षात इथे होतं.

इंटरनेटवर एक खूण सगळीकडे सापडते: पोटावर टक्कल असेल तर जंगलातला. ही खूण अमेरिकेकडच्या कोळ्यांची आहे. ते चिडले की मागच्या पायांनी पोटावरचे खाजरे केस झाडतात, म्हणून टक्कल पडतं, आणि ते घरच्या कोळ्यालाही पडतं. आपल्याकडच्या एकाही टॅरँटुलाला असे केस नसतात. तेव्हा ५ इंची ऑर्नामेंटलच्या पोटावर भरगच्च केस पाहून ‘घरची आहे’ म्हणू नका. तिच्या बाबतीत बघायचं ते असं: पायांच्या टोकांवरचे केस झिजलेत का, एखादा पाय बाकीच्यांपेक्षा बारीक आणि आखूड आहे का (तुटून कातीत परत उगवलेला), पाठीच्या कवचावर जुने व्रण आहेत का, रंग मळकट आहे का. यातलं एकटं काहीच पुरावा नाही. तीन एकत्र दिसले तर मात्र हिशेब पक्का होतो. प्रजाती तरी तीच आहे का हे डब्याच्या तळातून बघता येतं: रीगालिसच्या पुढच्या पायांची खालची बाजू पिवळी-काळी असते आणि पोटाच्या खाली फिकट आडवा पट्टा असतो.

खरा धोका पोटात असतो. ॲक्रोसेरिड नावाच्या छोट्या डोक्याच्या माश्या असतात. त्यांची अळी कोळ्याच्या शरीरात शिरून पुस्तकी फुप्फुसाजवळ राहते. महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त, काहीच दिसत नाही. कोळी खातो, फिरतो. मग अचानक खाणं सोडतो, खाली जाळ्याची गादी विणतो, आणि अळी पोट पोखरून बाहेर पडते. यावर उपचार नाही. ही लागण बाहेर, उघड्यावरच होते. बंद खोलीत कोशातून निघालेल्या पिल्लाला ती व्हायला मार्गच नाही. घरच्या पैदाशीचा सगळ्यात मोठा फायदा विचाराल तर हा.

दुसरा शत्रू सूक्ष्म कृमी. पॅनाग्रोलायमिड कुळातले हे कृमी तोंडात, दातांच्या बुडाशी जमतात. खुणा: कोळी खात नाही, पाण्याच्या वाटीवर वाकून बसतो, दातांच्या मध्ये पांढरा घट्ट चिकट लगदा दिसतो, वास येतो. कापसाच्या काडीने तो लगदा घेऊन काचेवर पाण्याच्या थेंबात टाका आणि दहापट भिंगातून बघा. वळवळणारे धागे दिसले तर संपलं. खात्रीचा उपाय नाही. तो डबा वेगळ्या खोलीत न्यायचा, माती जाळायची, चिमटा उकळत्या पाण्यात घालायचा, कारण घरातल्या बारीक कुबड्या फोरिड माश्या हा संसर्ग एका डब्यातून दुसऱ्यात नेतात असा पाळणाऱ्यांचा समज आहे, आणि माश्यांना डब्यापासून लांब ठेवल्याने तोटा काहीच नाही. मात्र घरची पैदास म्हणजे कृमी नाहीच, असं धरू नका. २०२२ मध्ये वर्णन झालेला टॅरँटोबेलस जेफडॅनिएल्सी हा याच कुळातला कृमी अमेरिकेतल्या एका पैदास करणाऱ्याच्या कोळ्यांतच सापडला.

म्हणून कुठलाही नवा कोळी ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळा चिमटा, खाणं घालताना त्याचा नंबर शेवटचा. जंगलाचा संशय असेल तर सहा महिने.

विषाचं एकदा स्पष्ट सांगतो. पोएसिलोथेरियाच्या चाव्याने माणूस दगावल्याची नोंद नाही, पण स्नायूंना येणारे गोळे भयंकर असतात, काही वेळा थांबून परत दिवसेंदिवस येतात. जखम साबणाने धुवा, दवाखान्यात जा. तिथे गोंधळात सापाची लस द्यायची भाषा झाली तर कोळी चावल्याचं ठामपणे सांगा. ती लस सापांच्या विषासाठी आहे, इथे तिचा उपयोग शून्य आणि तिची रिॲक्शन वेगळी. जंगलातली मादी आणि घरची मादी यात विषाचा फरक नाही. फरक इतकाच की नुकती धरलेली मादी झाकण उघडताच धावते.

पिल्लू घेतलंच, तर खान्देशात ते जगवणं हे दुसरं काम. पुण्याहून खासगी बसच्या डिकीत, मे महिन्यात, नको. मागवायचं ते जुलैनंतर, किंवा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आणि डबी कुणाच्या तरी हातातून, गाडीच्या आत. घरी आल्यावर ६० ते १०० मिलिलिटरची झाकणाची पारदर्शक डबी पुरते. मोठा डबा दिला तर पिल्लाला किडा सापडत नाही आणि तुम्हाला पिल्लू. झाकणाला तापवलेल्या सुईने एक मिलिमीटरची आठ-दहा भोकं. दोन तृतीयांश उंचीपर्यंत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). नर्सरीतून आणलेल्यात खत मिसळलेलं असू शकतं, म्हणून साधं घेऊन दोनदा धुवा, पिळा. एक बाजू ओली, एक कोरडी. खाणं दर चार-पाच दिवसांनी, किड्याचं माप पिल्लाच्या पोटाहून मोठं नको. चालेल तर रातकिड्याचा तोडलेला पाय नुसता ठेवा, ते येऊन खातं. कात टाकायच्या आधी खाणं बंद करेल, तेव्हा जिवंत किडा आत सोडून ठेवू नका, तोच पिल्लाला कुरतडतो.

जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. या कोळ्यांना २४ ते २८ अंश बरं, ३२ पर्यंत पाणी असेल तर निभतं, ३५ च्या वर तासन्‌तास गेले की धोका. डबी पत्र्याच्या खोलीत, वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीच्या फळीवर ठेवू नका. आतल्या खोलीत, जमिनीलगत, माठाच्या शेजारची जागा सगळ्यात थंड. धाब्याचं घर असेल तर भाग्य. कुलरचा झोत सरळ आला तर छोटी डबी एका दिवसात वाळते, म्हणून मे महिन्यात रोज बघा. वीज जाते तेव्हासाठी थर्माकोलचं खोकं तयार ठेवा: एका टोकाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली बर्फाची बाटली, दुसऱ्या टोकाला डबी, मध्ये थर्मामीटर. पाय पोटाखाली मिटून आकसलेलं पिल्लू मेलंय असं लगेच धरू नका. कोळ्याचे पाय आतल्या द्रवाच्या दाबाने उघडतात, पाणी कमी पडलं की ते मिटतात. उथळ झाकणात पाणी घेऊन तोंडाकडचा भाग पाण्याला टेकवा, पोट बाहेर राहू द्या, कारण फुप्फुसं पोटाखाली आहेत.

आणि शेतातले किडे नको. कपाशीवर, केळीवर फवारणी चालू असताना बांधावरचा रातकिडा म्हणजे विषाची गोळी. डास मारायची लिक्विड मशीन, कॉइल, मुंग्यांची पावडर, कुत्र्याला लावलेलं गोचिडांचं औषध, कुलरच्या पाण्यात टाकलेलं डासांचं औषध, हे सगळं त्याच खोलीत चालत नाही. कोळी झटके देत, पाय एकमेकांत अडकवत चालायला लागला की बहुतेक वेळा कारण हेच असतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. रातकिडे किंवा लाल झुरळं घरीच डब्यात वाढवा.

ती ५ इंची मादी ‘बिचारी मरेल’ म्हणून सोडवून आणायचा मोह झाला तर इतकं लक्षात ठेवा: विकणाऱ्याला तुमचे पैसे मिळाले की तो पुढच्या आठवड्यात दुसरी ढोली फोडणार. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तिला स्वतः नेऊन कुठल्याही जंगलात सोडू नका. कुठून आणली ते माहीत नाही, आणि आत काय घेऊन चालली आहे तेही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात पावसाळ्यात मादीच्या शोधात भटकणारा नर घरात आला तर गोष्ट वेगळी. त्याच्यावर रुंद तोंडाची बरणी उलटी ठेवा, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि ज्या बाजूने आला त्या बाजूच्या जवळच्या झाडाच्या बुंध्याशी, अंधार पडल्यावर सोडा. चार पावलांपलीकडे नेण्याची गरज नाही.